जीपीच्या दवाखान्याची तपासणी आणि तिचा शेरा: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून अलीकडे एकच विषय वेगवेगळ्या अंगांनी विचारला जात आहे. आपल्या जीपीच्या, म्हणजे कौटुंबिक डॉक्टरच्या, दवाखान्याची तपासणी होते तेव्हा नेमके काय पाहिले जाते, आणि त्या तपासणीच्या शेऱ्यावर किती भरवसा ठेवावा? या वेळची सर्व पत्रे त्यामुळे याच विषयावरची निवडली आहेत.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झाली आणि २००९ पासून काम करू लागली. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमधील जीपी दवाखान्यांना तिच्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. कमिशन प्रत्येक दवाखान्याबाबत पाच गोष्टी विचारते: तो सुरक्षित आहे का, तेथील उपचारांचा गुण येतो का, रुग्णांना आपुलकीने वागवले जाते का, त्यांच्या गरजेला वेळेवर दाद मिळते का, आणि कारभार नीट चालतो का. त्यावरून ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘अपुरा’ यांपैकी एक शेरा दिला जातो, आणि तो दवाखान्यात व त्याच्या संकेतस्थळावर ठळकपणे लावणे एप्रिल २०१५ पासून सक्तीचे आहे.

प्रश्न: आमच्या जीपीच्या दवाखान्याला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळाला आहे. माझ्या आईचे वय ७३ असून तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. तेथील डॉक्टर आणि नर्स अतिशय प्रेमाने वागतात, आईचाही त्यांच्यावर विश्वास आहे. पण शेरा वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. दवाखाना बदलावा का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: शेरा वाचून लगेच दवाखाना बदलू नये. आधी कमिशनच्या संकेतस्थळावरचा पूर्ण अहवाल वाचावा आणि कोणत्या विषयात उणीव सापडली हे पाहावे. दवाखान्यापर्यंत फोन लागत नाही म्हणून मिळालेला ‘सुधारणा आवश्यक’ आणि औषधांवरील देखरेख ढिली आहे म्हणून मिळालेला ‘सुधारणा आवश्यक’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि दारावरच्या कागदावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. आपल्या आईच्या दृष्टीने पहिल्या प्रकारची उणीव त्रासाची आहे, दुसऱ्या प्रकारची धोक्याची.

तसे का, हे जरा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रक्तातील पेशींची संख्या घटवू शकते, यकृताला इजा करू शकते, आणि मूत्रपिंड नीट चालत नसेल तर शरीरात साचून राहते. म्हणून डोस स्थिर झाल्यावरही साधारणपणे दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी होणे आणि तिचा निकाल पाहूनच पुढच्या गोळ्या लिहून देणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अडचण अशी होते की बऱ्याच रुग्णांचे औषध रुग्णालयातील तज्ज्ञाने सुरू केलेले असते, रक्त कधी रुग्णालयात तर कधी दवाखान्यात घेतले जाते, आणि गोळ्यांची चिठ्ठी मात्र जीपीकडून निघते. निकाल रुग्णालयाच्या संगणकावर पडून राहिला आणि दवाखान्यात कोणी तो उघडून पाहिला नाही, तर चिठ्ठी महिन्यामागून महिना सवयीने निघत राहते. रुग्णाला यातले काहीच कळत नाही, कारण गोळ्या वेळेवर मिळत असतात आणि खिडकीवरची व्यक्ती हसून बोलत असते.

तपासणीचे खरे मोल मला इथे वाटते. खुर्चीत बसलेल्या रुग्णाला जे दिसूच शकत नाही, ते ती पाहते. तपासणी पथकात कमिशनच्या निरीक्षकाबरोबर सल्लागार म्हणून एक जीपी असतो, आणि गेली काही वर्षे तो दवाखान्याच्या संगणकप्रणालीत ठरावीक शोध चालवून पाहतो. मेथोट्रेक्सेट, लिथियम, वॉरफेरिन अशी औषधे घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या आवश्यक चाचण्या राहून गेल्या आहेत? रक्तातील साखर मधुमेहाच्या पातळीवर असूनही ज्यांच्या नोंदीत मधुमेहाचे निदानच लिहिलेले नाही असे किती रुग्ण आहेत? औषधांविषयीच्या सुरक्षा सूचना जारी झाल्यावर दवाखान्याने आपले रुग्ण शोधून काढले का? अहवालातील ‘सुरक्षित’ आणि ‘परिणामकारक’ या दोन भागांत या प्रश्नांची उत्तरे मिळतात. इतर काही वाचायला सवड नसली तरी हे दोन भाग वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

आता आईसाठी काय करावे. एनएचएस अ‍ॅपमध्ये आईच्या संमतीने तिच्या नोंदी पाहता येत असतील तर रक्ताच्या शेवटच्या तपासणीची तारीख पाहावी. नाही तर दवाखान्यात सरळ विचारावे की आईचे रक्त कोणी तपासायचे, निकाल कोणी पाहायचा आणि तो पाहिल्याशिवाय चिठ्ठी निघू नये यासाठी काय व्यवस्था आहे. हा प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्तर स्पष्ट मिळाले, तारखा नियमित दिसल्या आणि अहवालातील उणिवा दूर करण्यासाठी काय केले हे दवाखाना मोकळेपणाने सांगत असेल, तर मी आईला तिथेच ठेवीन. दवाखाना बदलताना रुग्णालय आणि नवा जीपी यांच्यात देखरेखीची जबाबदारी पुन्हा नव्याने ठरवावी लागते आणि नेमक्या त्या काळात रक्ताची एखादी तपासणी निसटण्याचा संभव असतो. म्हणून बदल केलाच तर गोळ्या आणि तपासणीची पुढची तारीख आधी पक्की करून मग करावा. पण कमिशनच्या पुढच्या तपासणीतही तीच उणीव पुन्हा नोंदली गेली, किंवा ‘सुरक्षित’ व ‘कारभार’ या दोन्ही विषयांत ‘अपुरा’ असा शेरा आला, तर वाट पाहत बसू नये. एकूण शेरा ‘अपुरा’ असलेला दवाखाना सहसा विशेष देखरेखीखाली ठेवला जातो आणि सहा महिन्यांच्या आत त्याची पुन्हा तपासणी होते. तरीही सुधारणा झाली नाही तर त्याची नोंदणी रद्द करण्यापर्यंत कमिशनचे अधिकार जातात.

प्रश्न: आमच्या दवाखान्याच्या दारावर ‘चांगला’ असा शेरा लावलेला आहे, पण सकाळी आठला फोन केला तरी भेटीची वेळ मिळत नाही आणि ‘उद्या पुन्हा फोन करा’ असे सांगितले जाते. याला चांगला कसे म्हणायचे? (एक वाचक, स्लाव)

उत्तर: सर्वप्रथम त्या कागदावरची तारीख पाहावी. शेरा हा त्या वेळी आढळलेल्या परिस्थितीचा असतो, आणि मधल्या काळात डॉक्टर निवृत्त झालेले, दोन दवाखाने एकत्र आलेले किंवा रुग्णसंख्या वाढलेली असू शकते. डॉ. पेनी डॅश यांनी २०२४ मध्ये सरकारसाठी कमिशनच्याच कामाचा आढावा घेतला तेव्हा तपासण्यांची संख्या घटल्याचे, बरेच शेरे जुने झाल्याचे आणि तपासणीच्या कक्षेतील सुमारे पाचपैकी एका ठिकाणाला कधीच शेरा मिळाला नसल्याचे त्यांना आढळले. नियामक संस्थेचीही अशी उघड झाडाझडती झाली, हे मला रुग्णांच्या हिताचे वाटते. मात्र त्याचा अर्थ असाही होतो की जुना ‘चांगला’ शेरा आजची हमी म्हणून धरता येणार नाही.

दुसरे असे की एकूण शेरा पाच विषयांच्या शेऱ्यांवरून ठरतो, आणि एका विषयात ‘सुधारणा आवश्यक’ असूनही एकूण शेरा ‘चांगला’ राहू शकतो. आपल्या दवाखान्याच्या अहवालात ‘वेळेवर दाद’ या विषयासमोर काय लिहिले आहे ते स्वतंत्रपणे पाहावे, आणि जीपी रुग्ण सर्वेक्षणाचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. ते दवाखान्यागणिक दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यामुळे तपासणीच्या अहवालापेक्षा बहुधा ताजे असतात.

‘उद्या पुन्हा फोन करा’ या उत्तराविषयी मात्र आपण गप्प बसू नये. २०२३ पासून जीपींच्या करारात असे आहे की रुग्णाने पहिल्यांदा संपर्क केला तेव्हाच त्याच्या गरजेचा अंदाज घेऊन त्याला भेटीची वेळ द्यावी किंवा योग्य ठिकाणी पाठवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा संपर्क करायला सांगणे त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या कामांसाठी ऑनलाइन विनंतीची सोयही सकाळी आठ ते सायंकाळी साडेसहा या कामाच्या वेळेत खुली ठेवणे अपेक्षित आहे. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना तारीख, वेळ आणि मिळालेले उत्तर लिहून नम्रपणे विचारावे. आपल्यासारख्यांचे अनुभव कमिशनच्या संकेतस्थळावरही नोंदवता येतात, आणि कोणत्या दवाखान्याकडे आधी लक्ष द्यायचे हे ठरवताना अशा नोंदी विचारात घेतल्या जातात.

प्रश्न: तपासणीच्या वेळी बाहेरचे लोक रुग्णांच्या नोंदी उघडून वाचतात असे कळले. माझ्या नोंदीत काही अतिशय खासगी गोष्टी आहेत. माझी संमती न घेता हे कसे चालते? (एक वाचिका, हॅरो)

उत्तर: आपली काळजी रास्त आहे. कायद्याने कमिशनला आपल्या कामासाठी आवश्यक असलेल्या नोंदी पाहण्याचा अधिकार दिलेला आहे, त्यासाठी प्रत्येक रुग्णाची संमती घ्यावी लागत नाही. त्याच कायद्याने अशी खासगी माहिती बेकायदा उघड करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि माहिती किती पाहावी व कशी हाताळावी याची संहिता कमिशनला पाळावी लागते. नोंदी सरसकट वाचल्या जात नाहीत. वर सांगितलेल्या शोधांतून जी नावे पुढे येतात त्यांपैकी काही नोंदी नमुन्यादाखल, उपचार योग्य झाले का एवढे समजण्यापुरत्या, डॉक्टर सल्लागार पाहतो. अहवालात कोणाही रुग्णाची ओळख पटेल असे काही छापले जात नाही. तरीही आपल्याला खटकत असेल तर दवाखान्याला तसे लेखी कळवून ठेवावे. आपली हरकत नोंदलेली असेल तर ती विचारात घेण्याची अपेक्षा धरता येते, परंतु कायद्याने दिलेला अधिकार तिच्यामुळे संपत नाही.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या रक्ताचा निकाल असाधारण आला असूनही दवाखान्याने तो आम्हाला बरेच दिवस कळवला नाही. मी कमिशनकडे तक्रार केली, तर ‘आम्ही वैयक्तिक तक्रारींची चौकशी करत नाही’ असे उत्तर आले. मग या संस्थेचा उपयोग काय? (एक वाचक, मँचेस्टर)

उत्तर: आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, आणि असे उत्तर आले की दार तोंडावर लावल्यासारखे वाटते. कमिशनचे काम दवाखान्याची व्यवस्था पाहण्याचे आहे. एका रुग्णाच्या बाबतीत काय घडले याचा निवाडा ते करत नाही. आपण पाठवलेली माहिती मात्र वाया गेलेली नाही. निकाल वेळेत न कळवल्याच्या आणखी तक्रारी आल्या, तर पुढच्या तपासणीत निरीक्षक त्या दवाखान्यातील न उघडलेल्या निकालांची यादी काढून पाहतील, आणि सर्वांत जुना निकाल कोणत्या तारखेचा आहे एवढ्यावरूनही पुष्कळ काही कळते.

आपल्या तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. ती दवाखान्याकडे करावी, किंवा तिथे करणे अवघड वाटत असेल तर आपल्या भागातील इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे तेथील आरोग्यसेवेचे नियोजन करणाऱ्या मंडळाकडे. जुलै २०२३ पासून जीपींविषयीच्या तक्रारी एनएचएस इंग्लंडऐवजी या बोर्डाकडे जातात. एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, म्हणून आधी विचार करून एक ठिकाण निवडावे. घटना घडल्यापासून, किंवा ती आपल्याला कळल्यापासून, १२ महिन्यांच्या आत तक्रार करणे आवश्यक असते, आणि ती मिळाल्याची पोच तीन कामकाजाच्या दिवसांत यायला हवी. अंतिम उत्तराने समाधान झाले नाही तर संसदीय व आरोग्यसेवा लोकपालाकडे जाता येते. वडिलांच्या वतीने लिहीत असल्यामुळे त्यांचे संमतिपत्र सोबत जोडावे. ते नसल्यामुळे बराच वेळ जातो.

तक्रारीत नुकसानभरपाईपेक्षा आधी हे विचारावे की निकाल कोणाच्या नावावर पडून होता, त्या व्यक्तीच्या रजेत तो दुसऱ्या कोणी पाहण्याची सोय होती का, आणि या घटनेनंतर दवाखान्याने काय बदलले. चुकांची नोंद करून सर्वांनी एकत्र बसून त्यांची कारणे शोधणे ही चांगल्या दवाखान्याची रीत आहे आणि तपासणीतही ती पाहिली जाते. उपचारांत चूक होऊन रुग्णाला लक्षणीय इजा झाली असेल तर ती त्याला मोकळेपणाने सांगून क्षमा मागणे हे दवाखान्याचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

प्रश्न: आम्ही नोकरीनिमित्त कार्डिफला आलो. येथील दवाखान्यांचे शेरे कमिशनच्या संकेतस्थळावर सापडत नाहीत. (एक वाचिका, कार्डिफ)

उत्तर: कमिशनचा अधिकार इंग्लंडपुरताच आहे. वेल्समध्ये हेल्थकेअर इन्स्पेक्टोरेट वेल्स ही वेगळी संस्था दवाखान्यांची तपासणी करते. ती अहवाल प्रसिद्ध करते, पण चार शब्दांतला असा शेरा देत नाही; त्यामुळे आपल्याला अहवालच वाचावा लागेल, आणि खरे तर इंग्लंडमधल्या वाचकांनीही तेच करावे.

प्रश्न: मी एका दवाखान्यात नर्स आहे. काही दिवसांत तपासणी होणार आहे. लशींच्या फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यात मागच्या महिन्यातले सलग काही दिवस कोरे आहेत, आणि एका वरिष्ठांनी मला ते भरून टाकायला सांगितले आहे. बाकी सगळे ‘एवढे काय त्यात’ असे म्हणतात. मी काय करावे? (नाव व गाव न छापण्याची विनंती)

उत्तर: ते रकाने भरू नका. मागच्या तारखेचे आकडे मनाने लिहिणे ही खोटी नोंद आहे, आणि नोंदी अचूक व कोणतीही खोट न करता ठेवाव्यात असे आपल्या व्यवसायाच्या संहितेत स्पष्ट लिहिलेले आहे. धक्का लागेल तो आपल्याच व्यावसायिक नोंदणीला. सांगणारे वरिष्ठ त्या वेळी सोबत असतीलच असे नाही.

तक्ता खरोखर काय सांगतो हे आपल्या सहकाऱ्यांनाही समजायला हवे. लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात, आणि कामाच्या प्रत्येक दिवशी फ्रिजचे त्या वेळचे, सर्वांत कमी व सर्वांत जास्त तापमान लिहून, खाली सही करून मापक रीसेट करायचा असतो. अ‍ॅल्युमिनियमयुक्त लशी एकदा गोठल्या की त्यांची शक्ती जाते आणि ती परत येत नाही, पण कुपीकडे पाहून बहुतेक वेळा काहीच कळत नाही. अशी लस टोचलेल्या बाळाला संरक्षण मिळालेले नसते, आणि त्याच्या आईच्या हातातल्या लाल पुस्तकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीत, मात्र लस दिल्याची नोंद असते. त्या कोऱ्या रकान्यांत फ्रिज शून्याखाली गेला असेल तर ते शोधून काढण्याची संधी आज आपल्या हातात आहे. तिथे ‘४’ हा आकडा लिहिला की ती संधी गेली.

अनुभवी निरीक्षकाला असा तक्ता ओळखायला वेळही लागत नाही. रोज वेगवेगळ्या व्यक्तीने घाईत लिहिलेल्या तक्त्यात शाई बदलते, आकडे अर्ध्या-एका अंशाने वरखाली होतात, एखादी सही अडखळते. एका बैठकीत भरलेल्या तक्त्यात आठवडाभर एकच आकडा, एकच अक्षर आणि एकच पेन असते. फ्रिजमध्ये तापमान आपोआप नोंदवणारे यंत्र असेल तर त्यातले आकडे समोर ठेवून क्षणात पडताळा होतो. कोरे रकाने आणि त्यांचे प्रामाणिक कारण हे कामातील ढिलाईचे लक्षण ठरेल, दवाखान्याला त्यावर सुधारणा सुचवली जाईल. बनावट आकडे सापडले तर मग त्या दवाखान्याचा कोणताच कागद खरा मानायचा नाही, आणीबाणीच्या औषधांच्या मुदतीची यादीही नाही आणि प्राणवायूच्या नळकांड्याच्या तपासणीची नोंदही नाही का, असा प्रश्न निरीक्षकापुढे उभा राहतो, आणि तो त्याने विचारलाच पाहिजे.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे. रकाने कोरेच ठेवून त्यांच्या शेजारी आजची तारीख घालून ‘नोंद घेतलेली नाही’ असे लिहावे आणि सही करावी. स्वयंचलित यंत्रातील आकडे असतील तर ते लगेच काढून घ्यावेत. त्या दिवसांचे तापमान कोणत्याच मार्गाने कळत नसेल, तर त्या वेळी फ्रिजमध्ये असलेल्या लशी ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून, पण थंड तापमानातच, बाजूला ठेवाव्यात आणि उत्पादक कंपनी व स्थानिक लसीकरण पथक यांचा सल्ला घ्यावा. तो येण्याआधी लशी फेकून देऊ नयेत. त्या दिवसांनंतर त्या साठ्यातील लस कोणाकोणाला दिली याची यादी तयार ठेवावी, कारण काहींना पुन्हा लस द्यावी लागू शकते. घटनेची नोंद दवाखान्याच्या घटना-नोंदवहीत करावी आणि दवाखान्यातील जबाबदार भागीदार डॉक्टरांना ती लेखी कळवावी. ‘तक्ता भरून टाक’ ही सूचना तोंडी मिळाली असेल तर ती कधी आणि कोणत्या शब्दांत मिळाली हे आपल्यापाशी लिहून ठेवावे.

भागीदारांनीही दुर्लक्ष केले तर आपण कमिशनला थेट कळवू शकता. आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. जनहितासाठी अशी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला त्रास देण्यापासून १९९८ चा पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर कायदा संरक्षण देतो. त्याआधी आपल्या कामगार संघटनेशी बोलून घेतल्यास पुढची पत्रे नीट लिहिता येतील आणि आपण एकट्या पडणार नाही. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी फ्रिजजवळ उभे राहून आपल्याला तक्त्याविषयी विचारले, तर काय घडले आणि त्यावर आपण काय केले एवढेच क्रमाने सांगावे, आणि बाजूला ठेवलेल्या लशी व यादी त्यांना दाखवावी.